हातचा

व्हितौतास झुकास दरवर्षी मार्चमध्ये येतो
बुटांचा खोका घेऊन. तेरा नंबरचे बूट,
आत वर्षभराच्या पावत्या,
डिझेलचा वास अजून न गेलेल्या.

जोलिएटमध्ये, लॉन्ड्रीच्या शेजारी आमच्या कंपनीची शाखा आहे.
मी तिथे तासावर बसते, लोकांचे कर भरून देते.
ट्रकवाले माझ्याकडेच पाठवतात,
खोका बघून मी नाक मुरडत नाही म्हणून.

‘फॉर्म नंतर,’ तो म्हणतो. ‘आधी सांग,
स्वतःचा ट्रक परवडतो का?’

मी पाठकोरा कागद ओढते.
घसाराबिसारा संगणक बघेल, हे माणसाला कळेल असं गणित.
मैल एक लाख आठ हजार.
जमा दोन लाख दहा हजार सहाशे.
हा आकडा तो मोठ्याने वाचतो, दरवर्षी वाचतो,
पंगतीत पहिल्या वाढप्याकडे बघावं तसा.

मग वजा.
डिझेल त्रेसष्ट हजार. ट्रकचा हप्ता, बारा वेळा.
विमा, बारा वेळा. ट्रेलरचं भाडं.
टोल, ज्याच्या पावत्या चुरगळून लाडवासारख्या झाल्यात.
पैसे लवकर मिळावेत म्हणून कापून दिलेले तीन टक्के.
आणि वायोमिंगमध्ये, रॉलिन्सच्या अलीकडे चढावर गेलेला टर्बो:
सहा हजार चारशे, शिवाय मोटेलच्या नऊ रात्री.
‘आठ,’ तो म्हणतो. ‘एक रात्र कॅबमध्ये काढली.
बाहेर उणे वीस होतं.’
मी नऊ खोडून आठ करते. त्याला बरं वाटतं.

हातचे घेत घेत खाली येते.
शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरलात!
तेव्हा वाटायचं, हातचा म्हणजे
शेवटी मुठीत काहीतरी उरतं.

उरले छप्पन हजार दोनशे.
शेजारी दुसरी मांडणी: तेवढेच मैल, ट्रक कंपनीचा,
मैलाला पासष्ट सेंट.
सत्तर हजार दोनशे. टर्बो त्यांचा. दवाखानाही त्यांचा.
‘चौदा हजारांचा खड्डा,’ मी म्हणते.
आमच्यात म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
हे इंग्रजीत सांगता सांगता लक्षात येतं,
याचं पोटच पळत्यावर आहे.

तो खोक्याच्या तळाशी हात घालतो.
आणखी दोन पावत्या, रंगाऱ्याच्या.
तीनशे चाळीस: दारावर नाव घालणे.
पंच्याऐंशी, त्याच आठवड्यातली.
‘ही कशाची?’
त्याच्या झेडच्या डोक्यावर एक खूण लागते,
पंख उघडलेल्या पाखराएवढी. रंगारी विसरला होता.
‘बावीस वर्षं दारावर नुसता नंबर होता.
फोनवर पण तेच, चव्वेचाळीस सतरा, कुठे पोचलास?
आता नाव घालायचं तर नीट नको?’
कानामात्रेची चूक, मी मनात म्हणते,
आणि दोन्ही ‘जाहिरात’ या खात्यात टाकते.

फीचे चारशे दहा मोजून तो उठतो.
त्यातले माझे किती, मी सांगत नाही.
काच थरथरते, निळं दार वळतं,
पांढरी खूण इतर अक्षरांपेक्षा जराशी जाड.

फॉर्मच्या तळाला चौकट असते: तयार करणाऱ्याचं नाव.
तिथे मी आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी
निगुडकरचं निगुडकेर केलं.
नऊ वर्षं मी केर आहे.
दुरुस्तीचा अर्ज मुख्य कचेरीत पडलाय.

कागदावर चौदा हजारांच्या खाली थोडी जागा उरलीय.
एक खोली, लिहिते. संगणक. परवाना. विमा.
जूनपासून जानेवारीपर्यंत कोण येणार, त्यापुढे प्रश्नचिन्ह.
मग पाटी: तीनशे चाळीस.
रंगारी तोच असला तर
आणखी पंच्याऐंशी.